टरबूज घरात आणणं बंद करावं का?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मानेवाडा भागात आमचं सात माणसांचं घर आहे. मार्च लागला की माझे मिस्टर दर रविवारी कळमन्याच्या बाजारातून पाच-सहा किलोचं टरबूज आणि दोन खरबुजं आणतात. सासरे 67 वर्षांचे आहेत. बारा वर्षांपासून शुगर आहे, बीपीसाठी टेल्मिसार्टन सुरू आहे. मागच्या महिन्यात किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन 1.9 आणि पोटॅशियम 5.2 आलं. त्यांना खरबूज फार आवडतं. उन्हाळ्यात शुगर वाढू नये म्हणून रात्री पोळ्या सोडतात आणि अर्धं खरबूज खातात. धाकटी जाऊ पाचव्या महिन्यात आहे. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा. रविवारी कापलेलं टरबूज त्यानं मंगळवारी दुपारी खाल्लं आणि रात्रीपासून पाच-सहा वेळा पातळ जुलाब झाले. आता बरा आहे. सासूबाई म्हणतात, टरबुजावर पाणी प्याला म्हणून झालं. शेजारच्या काकू म्हणतात, इंजेक्शनचं टरबूज असेल. टरबूज-खरबूज घरात आणणंच बंद करावं का?

– एक सून, नागपूर

उत्तर

ताई, बंद करू नका. पण तुमच्या घरात एकच फळ सगळ्यांना सारखं वाटून चालणार नाही. सासरे, जाऊ आणि मुलगा या तिघांचे नियम वेगळे आहेत, आणि त्यात सगळ्यात आधी सासऱ्यांचं बघायला हवं. तुम्ही शुगरची काळजी लिहिली आहे. आम्हाला त्यांच्या पोटॅशियमची जास्त काळजी वाटते.

67 वर्षं वय आणि क्रिएटिनिन 1.9 म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, रिपोर्टवर जिला ईजीएफआर म्हणतात ती, साधारण 38 च्या आसपास येते. निरोगी किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे सहज बाहेर टाकते. या पातळीला आलेल्या किडनीला ते तितकं जमत नाही. त्यात टेल्मिसार्टन हे औषधही शरीरात पोटॅशियम थोडं राखून ठेवतं. रक्तातलं पोटॅशियम साधारण 3.5 ते 5.0 असावं, त्यांचं 5.2 आहे. हा आकडा घाबरण्याचा नाही, पण इथून पुढे वर जाऊ द्यायचा नाही. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि बऱ्याचदा त्याआधी माणसाला काहीच जाणवत नाही.

आता त्यांच्या रात्रीच्या ताटाकडे बघा. खरबुजाच्या 100 ग्रॅम गरात सुमारे 267 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. एका मध्यम खरबुजाचा अर्धा भाग, साल-बिया काढून, 400 ग्रॅम धरला तरी हजार मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम एका बैठकीत पोटात जातं. किडनीच्या रुग्णाला पोटॅशियम कमी ठेवायला सांगतात तेव्हा दिवसभराची मर्यादाच बहुतेक वेळा 2000 ते 3000 मिलिग्रॅमची असते, आणि त्यात डाळ, भाजी, दूध सगळं आलं. म्हणजे पोळी सोडून खरबूज खाण्यात शुगर सांभाळल्याचं समाधान मिळतं, पण किडनीवरचा भार मात्र वाढतो.

तेव्हा सासऱ्यांचं खरबूज आजपासून थांबवा. नारळपाणीही थांबवा, त्याच्या 100 मिलिलिटरमध्येही जवळपास खरबुजाइतकंच पोटॅशियम असतं. आणि एक गोष्ट स्वयंपाकघरात जाऊन तपासा: बीपीसाठी चांगलं म्हणून कुणी ‘लो सोडियम’ मीठ आणलं आहे का? त्या मिठात सोडियम कमी करून त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. पाकिटाच्या मागे घटक वाचा. असेल तर सासऱ्यांच्या जेवणातून ते काढा. साधं मीठच वापरा, पण मोजून.

टरबुजाचं गणित जरा सोपं आहे. त्याच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 112 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, सफरचंदाइतकंच. पण सफरचंद माणूस एक खातो आणि टरबुजाच्या फाका चार खातो, तिथे घोळ होतो. पोटॅशियमची तपासणी पुन्हा करून घ्या (कधीकधी रक्त काढताना पेशी फुटल्या तरी आकडा खोटा वर येतो, म्हणून दुसरी तपासणी गरजेचीच) आणि तो रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. आकडा 5.0 किंवा त्याखाली आला आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर 100 ते 150 ग्रॅम टरबूज, म्हणजे आपली जेवणातली एक मध्यम वाटी भरून फोडी, आठवड्यातून दोन-तीनदा देता येईल. तोवर तेही नको. टेल्मिसार्टन मात्र स्वतःहून बंद करू नका. किडनी आणि बीपी दोन्हींसाठी ते लागतं, डोस बदलायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील. मधल्या दिवसांत हातापायांत एकाएकी शक्ती नाही असं वाटलं, छातीत धडधड होऊ लागली किंवा चक्कर आली तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या आणि ‘पोटॅशियम वाढलेलं होतं’ हे पहिल्या वाक्यात सांगा. ईसीजी लगेच निघतो.

शुगरचं सांगायचं तर टरबूज गोड लागतं तितकं ते साखरेनं भरलेलं नसतं. त्यात 91 टक्के पाणी आहे. 150 ग्रॅममध्ये कार्बोहायड्रेट 11-12 ग्रॅम, साधारण एका लहान पोळीपेक्षा कमी. ग्लायसेमिक इंडेक्स जास्त असल्यानं ती साखर रक्तात लवकर चढते खरी, पण मुळात मात्रा कमी असल्यानं एका वाटीनं फार उलथापालथ होत नाही. उलथापालथ होते ती ज्यूसनं. ठेल्यावरच्या 300 मिलिलिटरच्या ग्लासात साडेतीनशे ग्रॅम फळ आणि वर दोन मोठे चमचे साखर जाते. मिळून 50 ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट, आणि चावायचं काही नसल्यानं दोन मिनिटांत पोटात. घरी ग्लुकोमीटर असेल तर फळ दिलं त्या दिवशी खाण्याआधी आणि दोन तासांनी अशा दोन नोंदी घ्या. दोन तासांनी 180 च्या वर गेली तर पुढच्या वेळी वाटी अर्धी करा. फळ दुपारी चार-पाचच्या सुमारास, मुठीएवढ्या फुटाण्यांबरोबर किंवा नुसतं द्या. रात्री नको. एवढं पाणी रात्री पोटात गेलं की 67 वर्षांच्या माणसाला लघवीला तीन-चारदा उठावं लागतं, आणि अंधारात पडण्याची भीती फळाच्या फायद्याहून मोठी आहे. रात्रीच्या पोळ्याही त्यांना परत सुरू करा. शुगरच्या गोळ्या चालू असताना जेवण सोडलं तर काही गोळ्यांनी पहाटे शुगर एकदम खाली जाते.

आता जावेकडे आणि मुलाकडे वळू. त्यांच्या बाबतीत फळाच्या आतलं काहीच वाईट नाही. धोका आहे तो सालीवर, चाकूवर आणि कापल्यानंतर गेलेल्या वेळेत.

खरबुजाची साल हातात घेऊन नीट बघा. जाळीदार, खडबडीत, जुन्या दोरीच्या गाठींसारखी. फळ जमिनीला टेकून वाढतं, मग ते वैनगंगा-कन्हान नद्यांच्या रेतीतल्या डांगरवाडीतलं (खरबूज-टरबुजाच्या मळ्यातलं) असो की शेतातल्या प्लॅस्टिकच्या अंथरणावरचं. माती, शेणखत, पाणी, जनावरं, वाहतुकीतली टोपली, अनेकांचे हात, सगळ्यांचे जंतू त्या जाळीच्या खाचांत बसतात आणि नुसतं पाणी ओतून निघत नाहीत. चाकू साल कापून आत शिरतो तेव्हा ते जंतू गरात ओढून नेतो. आपल्या संत्र्यात असं झालं तरी आंबटपणामुळे बहुतेक जंतूंचं तिथे फारसं चालत नाही. संत्र्याच्या रसाचा पीएच 4 च्या आसपास असतो. खरबुजाचा 6 च्या वर, टरबुजाचा साडेपाचच्या आसपास. गोड, ओलं आणि आंबटपणा नाही: साल्मोनेला आणि लिस्टेरिया या जंतूंना वाढायला याहून सोयीचं फळ कठीणच. 2011 मध्ये अमेरिकेत खरबुजातून लिस्टेरियाची लागण पसरली तेव्हा 147 माणसं आजारी पडली आणि 33 दगावली. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियात पुन्हा तसंच घडलं, 22 जण आजारी पडले, 7 दगावले आणि एका बाईचा गर्भपात झाला. हे भीती घालायला सांगत नाही. साल धुण्याचा कंटाळा का करू नये, ते पटावं म्हणून सांगतो.

गरोदर बाईला लिस्टेरियाची लागण होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दहापट असतो. आईला नुसता ताप, अंगदुखी होते आणि बाळाला मात्र मोठा फटका बसू शकतो. शिवाय हा जंतू फ्रीजमध्येही वाढतो, थंडीनं फक्त त्याचा वेग कमी होतो. म्हणून जावेसाठी नियम एकच धरा: तिच्यासमोर धुतलेलं, तिच्यासमोर कापलेलं, आणि लगेच खाल्लेलं. डब्यात ठेवलेलं फळ तिला नको, बाहेरची कापलेली प्लेट तर नकोच. एवढं पाळलं तर ती दिवसाला 200 ते 250 ग्रॅम टरबूज किंवा खरबूज आनंदानं खाऊ शकते. खरबुजातून तिला भरपूर सी जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीन मिळतं, पाणी मिळतं, बद्धकोष्ठतेलाही थोडा आराम पडतो. फोलेट आहे, पण थोडं. तेवढ्यावर फॉलिक ॲसिडची किंवा लोहाची गोळी सोडायची नाही. सहाव्या-सातव्या महिन्यात शुगरची तपासणी होईल, तिच्यात आकडा वाढलेला आला तर मात्रा सासऱ्यांसारखी मोजून. आणि गरोदरपणात कधीही कारण कळत नसलेला ताप आला तर ‘ऊन लागलं असेल’ म्हणून घरी थांबू नका.

फळ धुण्याची पद्धत नीट सांगतो, कारण इथेच बहुतेक घरं चुकतात. कळमन्याहून आणलेलं टरबूज आपण आधी काय करतो? थंड व्हावं म्हणून बादलीत किंवा टाक्यात बुडवून ठेवतो. हे करू नका. बाहेर 43-44 डिग्रीत तापलेलं फळ थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि देठाच्या जखमेतून बाहेरचं पाणी आत खेचलं जातं. त्या पाण्यात सालीवरची घाण उतरलेली असते. म्हणजे जे बाहेर होतं ते आपणच आत पोचवलं. फळ घरात आणलं की आधी दोन-तीन तास सावलीत, कूलरच्या हवेजवळ निवू द्या. मग कापायच्या अगदी आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरून कडक ब्रशनं घासा. भाज्यांसाठी एक ब्रश वेगळा ठेवा, कपड्यांचा किंवा बाथरूमचा नको. टरबुजाला एक मिनिट पुरे, साल गुळगुळीत असते. खरबुजाला दोन मिनिटं, आणि देठाचा खड्डा आणि त्याच्या उलट टोक जास्त घासायचं. साबण किंवा भांड्यांचं लिक्विड लावू नका. साल सच्छिद्र असते, साबण आत मुरतो. घासल्यावर स्वच्छ कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. ही पुसण्याची पायरी लोक सोडतात, पण सुटे झालेले जंतू पुसण्यानं आणखी निघतात.

कापण्याआधी हात साबणानं धुवा. चाकू आणि पाट धुतलेले, आणि त्यावर त्या दिवशी मटण-चिकन चिरलेलं नसावं. देठाकडची चकती आधी कापून टाका, चाकू पुन्हा धुवा, मग फळ उघडा. खरबुजाची साल फोडीला लावून ठेवायची नाही, पूर्ण सोलून काढायची. टरबुजाची फाक सालीसकट हातात धरून खाणं चालतं, साल नीट धुतलेली असेल तर.

मग वेळेचा हिशोब. कापलेलं फळ बाहेर जास्तीत जास्त दोन तास, आणि हवा 32 डिग्रीच्या वर असेल तर एकच तास. मे महिन्यात कूलर चालू असला तरी नागपूरचं स्वयंपाकघर 32 च्या खाली क्वचितच येतं, म्हणून एक तासच धरा. उरलेलं झाकणाच्या डब्यात, फ्रीजच्या मागच्या बाजूला, जिथे 5 डिग्रीच्या खाली थंडी राहते. दारात ठेवू नका. उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्यांसाठी फ्रीज दिवसातून पन्नासदा उघडतो, मध्ये लाईट जाते, त्यामुळे आतलं तापमान आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त असतं. एखादं साधं फ्रीजचं थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात रात्रभर ठेवून सकाळी बघा. आमचा सल्ला: कापलेलं टरबूज दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपवा, खरबूज त्याच दिवशी.

तुमच्या मुलाला काय झालं असावं, ते आता लक्षात आलं असेल. रविवारी कापलेलं फळ मंगळवारी दुपारी, म्हणजे 48 तासांनी, तेही बहुधा अर्धं फळ प्लॅस्टिक किंवा ताट झाकून ठेवलेलं. वास आला नाही म्हणून ते चांगलं होतं असं नसतं. आजारी पाडणारे जंतू वाढले तरी फळाची चव-वास बदलेलच असं नाही. तपासणीशिवाय शंभर टक्के कुणी सांगू शकणार नाही, पण पाणी आणि इंजेक्शन यांपेक्षा हे कारण कितीतरी जास्त पटण्यासारखं आहे. दुसरी शक्यता मात्रेची. टरबुजात फ्रुक्टोज ही साखर जास्त असते, लहान मुलानं तीन-चारशे ग्रॅम एकदम खाल्लं तर ती आतड्यात नीट शोषली जात नाही, पाणी ओढते आणि जुलाब होतात. पण तसे जुलाब बहुधा काही तासांत थांबतात. साडेतीन वर्षांच्या मुलाला एका वेळी 100 ग्रॅम पुरेसं आहे. बिया काढून, बोटाच्या पेराएवढ्या लहान फोडी करून, बसवून द्या. बी गिळली तर काही होत नाही, ती शीतून निघून जाते. पण धावता-हसताना बी किंवा मोठी फोड श्वासनलिकेत अडकली तर जिवावर बेतू शकतं.

पुन्हा कधी असे जुलाब झाले तर प्रत्येक वेळेनंतर 100 ते 200 मिलिलिटर ओआरएस, चमच्या-चमच्यानं. एक लिटरचं पाकीट म्हणजे एक लिटरच पाणी. अर्ध्या ग्लासात अर्धं पाकीट असं अंदाजानं करू नका. पाकिटावर ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युला’ लिहिलेलं बघा, टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएस नव्हेत. झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी रोज एक, 14 दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण करायची. रक्त दिसलं, लघवी सहा तास झाली नाही, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलं किंवा पाणीही पोटात ठरेना, तर लगेच डॉक्टर.

इथे आपल्या शहरात पक्का बसलेला एक समज सांगायलाच हवा. ऊन लागलं की टरबूज द्या, बरं वाटेल, असं म्हणतात. टरबुजात पाणी आहे, पण घामातून जे मीठ जातं ते त्यात जवळजवळ नाहीच: 100 ग्रॅममध्ये सोडियम अवघं एक मिलिग्रॅम. ओआरएसच्या एका लिटरमध्ये 2.6 ग्रॅम मीठ असतं, ते उगाच नाही. उन्हातून आलेल्या धडधाकट माणसाला टरबूज छान, हवं तर चिमूटभर मीठ घालून (सासऱ्यांना मीठ नको). पण ज्याला उलट्या होत आहेत, पाय वळत आहेत, त्याला ओआरएस. जो बरळतो आहे किंवा ज्याचं अंग भट्टीसारखं तापलं आहे, त्याच्या तोंडात टरबूज काय, काहीच घालू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं अंग पुसत पंखा घाला आणि 108 ला फोन करा.

सासूबाईंच्या पाण्याबद्दल. टरबुजावर पाणी प्यायल्यानं पोटात विष तयार होत नाही, कॉलराही होत नाही. टरबूज स्वतःच दहातल्या नऊ हिश्श्यांहून जास्त पाणी आहे. एवढं मात्र खरं की भरपेट टरबूज आणि वर दोन ग्लास पाणी म्हटलं की पोट फुगतं, आंबट ढेकर येतात. आणि पाणी दूषित असेल तर ते टरबुजाशिवायही आजारी पाडणारच. म्हणून सासूबाईंशी वाद घालू नका. अर्धा तास थांबून पाणी प्यायलं तर कुणाचंच बिघडत नाही, त्यांचंही मन राहतं.

खरबुजाबरोबर दूध नको, असं मात्र त्या म्हणत असतील तर त्यात तथ्य आहे, निदान चवीपुरतं. खरबुजात प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं. त्यामुळे खरबुजाचा मिल्कशेक करून ठेवला की थोड्या वेळानं वर पातळ पाणी, खाली दाटसर थर आणि जिभेवर कडवटपणा येतो. ताजा करून लगेच प्यायला तर निरोगी माणसाला सहसा त्रास होत नाही. ज्यांचं पोट नाजूक आहे त्यांनी टाळावा.

आता काकूंचं इंजेक्शन. अख्ख्या टरबुजात सुईनं रंग सोडला तर तो गरभर सारखा पसरत नाही, सुईजवळ डाग बनून राहतो. आणि भोक पडलेलं फळ मे महिन्यात ठेल्यावर दोन दिवसही टिकत नाही, आंबतं. गरात भेगा किंवा पोकळी दिसली म्हणजे इंजेक्शन, असंही नाही; फळ वाढताना पाणी आणि परागीभवन कमी-जास्त झालं की अशा भेगा पडतात. तरी शंका असेल तर पांढरा कापूस कापलेल्या गरावर हलका घासा. टरबुजाचा नैसर्गिक लाल रंग लायकोपीनचा, तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून कापूस जेमतेम गुलाबी होतो. भडक लाल झाला तर फळ टाका. काकूंना सांगा की खरी भीती कापून ठेवलेल्या प्लेटची आहे. सिताबर्डीत किंवा बाजारात बर्फाच्या लादीवर मांडलेल्या त्या लाल फाकांचा बर्फ कुठल्या पाण्याचा, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून 2018 पासून त्यात निळा रंग घालायचा नियम आहे. बर्फाला निळसर झाक दिसली तर त्याच्या आसपासचंही काही घेऊ नका.

जे फळ खरोखर टाकायचं ते असं: साल चिरलेली किंवा पिचलेली, देठाजवळ ओलसर मऊ डाग, कापताना फसफस झाली, फेस आला, आंबूस वास आला, गर शिजल्यासारखा काचेगत झाला. आणि कडू लागलेलं. खरबूज किंवा काकडी कडू लागली तर ‘एवढं चालतं’ म्हणत गिळू नका, थुंका. कडवटपणा कुकरबिटासिन नावाच्या द्रव्याचा असतो, त्यानं जोराच्या उलट्या-जुलाब होतात, रक्तसुद्धा पडू शकतं. कडू दुधीच्या रसानं लोक दगावतात ते यामुळेच.

खाऊन ओठ-टाळूला खाज सुटत असेल, घसा खवखवत असेल तर ती ॲलर्जी आहे, त्या माणसाला नको. ज्यांना गॅस, मुरडा यांचा कायमचा त्रास आहे त्यांना टरबुजापेक्षा खरबूज बरं सोसतं.

शेवटी रविवारच्या खरेदीकडे येऊ, कारण तुमच्या घरातली अडचण तिथून सुरू होते. पाच-सहा किलोच्या टरबुजातून साडेतीन किलोच्या आसपास गर निघतो. तुमच्या घरात सासऱ्यांना सध्या शून्य, मुलाला 100 ग्रॅम, जावेला 200 आणि उरलेल्या चौघांना अडीचशे-अडीचशे धरले तर लागतात 1300 ग्रॅम. दोन किलोहून जास्त गर फ्रीजमध्ये पडणारच, आणि मंगळवारपर्यंत लोळणारच. मिस्टरांना सांगा, एक मोठं न आणता दोन-सव्वादोन किलोची गडद सालीची लहान टरबुजं दोन आणा. एक रविवारी कापा, दुसरं अख्खं सावलीत ठेवा. न कापलेलं टरबूज फ्रीजबाहेर आठवडाभर सहज राहतं. फार थंडीत उलट त्याची चव आणि रंग उतरतो.

घेताना खालचा डाग बघायचा, जिथे फळ जमिनीला टेकलं होतं. तो लोण्यासारखा पिवळा हवा. पांढरा किंवा हिरवट असेल तर फळ कच्चं तोडलंय, आणि टरबूज तोडल्यावर गोड होत नाही. खरबूजही तोडल्यावर फक्त मऊ आणि वासाचं होतं, साखर वाढत नाही. म्हणून खरबुजाचं देठ बघा. पिकल्यावर वेल आपण होऊन सोडते आणि तिथे गुळगुळीत खोलगट खूण राहते. देठाचा तुकडा अजून चिकटलेला असेल तर ते घाईत तोडलेलं. उलट टोकाला नाक लावा, गोड वास यायला हवा, दारूसारखा नको.

आणि बिया. सासूबाई त्या धुऊन, वाळवून मगज करत असतील तर करू द्या, त्यात प्रथिनं आणि चांगली चरबी भरपूर आहे, जावेला लाडवात चमचाभर घातल्या तर उत्तमच. बिया काढल्या की लगेच धुवा, चिकट गर राहू देऊ नका, आणि कडक उन्हात दोन-तीन दिवस पातळ पसरून पूर्ण वाळवा. दमट राहिलेल्या बियांना बुरशी लागते. सासऱ्यांना मात्र तो लाडू देऊ नका. मगजात पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही खच्चून असतात, आणि 100 ग्रॅममागे साडेपाचशेच्या वर कॅलरी. त्यांच्यासाठी वेगळा डबा ठेवा, त्यावर नाव लिहा.